फितरा किती, कुणाला आणि ईदच्या किती आधी?

फितरा म्हणजे रमजान ईदच्या नमाजआधी माणशी मोजून गरिबाला द्यायचं दान. त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे भाऊ मूळचे खानापूर तालुक्यातले, नोकरीमुळे बेळगावात वडगावला भाड्याने राहतात. गल्लीतल्या मशिदीच्या फळ्यावर माणशी ६० रुपये फितरा लिहिलाय, पलीकडच्या मशिदीत ७५. सावंतवाडीचे मामेसासरे म्हणतात पैसे चालतच नाहीत, अडीच किलो तांदूळ मोजून द्या. घरात नवरा-बायको, दोन लहान मुलं, आणि तिसरं ईदच्या आसपास यायचंय. गावाकडे आई-वडील, परिस्थिती बेताची. बहीण विधवा, निपाणीत विड्या वळते. भाऊ दुबईत. धुणंभांडी करणाऱ्या मावशी हिंदू आहेत, त्यांना फितरा दिला तर चालेल का? आणि बाहेरगावच्या मदरशाचं पावतीपुस्तक घेऊन एक जण दारात येऊन गेलाय, त्याला द्यावा का?

आमच्या जमातीचं फितऱ्याचं जमवणं आणि वाटप मी बरीच वर्षं बघतो. मी मुफ्ती (फतवा देणारा धर्मपंडित) नाही. मसला (धर्माचा नियम) उलेमांकडून, म्हणजे धर्मपंडितांकडून, ऐकलेला, वाचलेला सांगतो. वाटपाचं मात्र माझं स्वतःचं मत आहे आणि ते जरा ठाम आहे.

आधी तो ६० आणि ७५ चा घोळ मिटवू, कारण दरवर्षी विसाव्या रोज्यानंतर निम्मी चर्चा त्यातच जाते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रेषितांचे सहकारी इब्न उमर (रजि.) यांची हदीस (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) 'बुखारी' आणि 'मुस्लिम' या दोन्ही हदीससंग्रहांत आहे: प्रेषितांनी (स.) रमजानचा फितरा एक साअ खजूर किंवा एक साअ जव असा ठरवून दिला, गुलाम-स्वतंत्र, बाई-पुरुष, लहान-थोर सगळ्या मुसलमानांवर, आणि लोक नमाजला निघण्याआधी तो द्यायला सांगितला. आता साअ हे वजन नाही, माप आहे. चार मुद म्हणजे एक साअ, आणि मुद म्हणजे साधारण दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आपल्याकडची पायली घ्या की. पायलीभर जोंधळा आणि पायलीभर गहू तराजूत घातले तर काटा एका जागी थांबत नाही. मापाचं वजन करायला गेलं की फरक पडणारच.

त्यात साअ नेमका केवढा यावरही जुना मतभेद. इमाम अबू हनीफा (त्यांच्या मताने चालणारे ते हनफी) यांनी इराकी साअ धरला, आठ रतलांचा; रतल हे जुनं वजन. मदीनेचा साअ पाच रतल आणि एक तृतीयांश. त्यांचेच शागीर्द इमाम अबू यूसुफ मदीनेला गेले, तिथल्या घराघरांतली वाडवडिलांची मापं बघितली आणि मदीनेच्या मापाकडे वळले. हनफी फतवा मात्र मोठ्या साअवर राहिला. म्हणून हनफींचा पूर्ण साअ सव्वातीन किलोच्या वर जातो आणि बाकीच्यांचा अडीचच्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी भरतो.

हनफी मतात गव्हाचा फितरा अर्धा साअ. देवबंदी उलेमा (हनफींतल्या दोन परंपरांपैकी एक, दुसरी बरेलवी) तो १ किलो ६३३ ग्रॅम धरतात. हा आकडा आभाळातून पडलेला नाही. १४० तोळे, म्हणजे ८० तोळ्यांच्या जुन्या शेराने पावणेदोन शेर. एक तोळा ११.६६४ ग्रॅम, गुणून बघा. बरेलवी उलेमांनी जास्त सावधगिरीचा हिशेब केला: जव भरेल त्या मापात गहू भरून वजन धरलं, आणि गहू जवापेक्षा जड, म्हणून त्यांचा अर्धा साअ २ किलो ४५ ग्रॅमच्या आसपास येतो. गहू ३६ रुपये किलो धरला तर एका हिशेबाने ५८-५९ रुपये, दुसऱ्याने ७३-७४. वर गोल केले की ६० आणि ७५. तुमच्या दोन मशिदींत भांडण नाही, दोन मापं आहेत एवढंच. ज्या मशिदीत नमाज पढता तिथला दर धरा. जीव दोन्हीकडे ओढत असेल तर मोठा आकडा द्या. पंधरा रुपयांत कुणाचं दिवाळं निघत नाही.

मामेसाहेबांचंही चूक नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, म्हणजे इमाम शाफई यांच्या मताने चालणारे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून आंबोलीचा घाट चढून इकडे स्थायिक झालेल्या घरांतही तीच रीत आहे. शाफई मतात फितरा फर्ज (पूर्ण बंधनकारक), गावात जे मुख्य अन्न खातात त्याचा एक पूर्ण साअ, आणि धान्यच, रक्कम नाही. म्हणून त्यांचा अडीच किलो तांदूळ. हनफी मतात फितरा वाजिब (फर्जच्या खालोखाल बंधनकारक) आणि किंमत दिली तरी चालते, उलट गरिबाच्या जास्त उपयोगाची असेल तर तीच बरी. तुम्ही हनफी असाल तर हनफी रीतीने द्या, मामांना त्यांच्या रीतीने देऊ द्या. एकाच दस्तरखानावर बसून इफ्तार करता येते, तसं हेही जमतं.

तांदळाचा एक बारकावा मात्र हनफींनी ध्यानात ठेवावा. हदीसमध्ये ज्यांची नावं आलीत (खजूर, जव, मनुका, शिवाय गव्हाचा हिशेब) त्यांत तांदूळ नाही. म्हणून हनफी मतात तांदूळ वजनावर नाही, किमतीवर द्यायचा. खानापूरकडचा घरचा इंद्रायणी किंवा येळ्ळूरचा बासमती देणार असाल तर तो गव्हापेक्षा महाग, पावणेदोन किलो दिला तरी हिशेब ओलांडून जाईल. पण रेशनचा जाड तांदूळ त्याच वजनाने देऊन मोकळं होता येत नाही. त्याची किंमत गव्हाच्या फितऱ्याएवढी भरली पाहिजे.

आता ज्यावर माझा खरा जोर आहे ते. फळ्यावरचा आकडा किमान असतो आणि आपण सगळे तो कमाल समजून बसलोय.

अबू सईद खुदरी (रजि.) सांगतात, प्रेषितांच्या काळी आम्ही जेवणातल्या धान्याचा एक साअ द्यायचो; जव, खजूर, सुकं पनीर, मनुका. पुढे खलिफा मुआविया (रजि.) मदीनेला आले तेव्हा त्यांनी म्हटलं की शामचा (सीरियाकडचा) गहू दोन मुद म्हणजे एक साअ खजुराच्या बरोबरीचा होतो. लोकांनी ते घेतलं. अबू सईद म्हणाले, मी आपला पूर्वीसारखाच देत राहणार. (हनफी उलेमांकडे अर्ध्या साअच्या इतर रिवायतीही (हदीसचे दाखले) आहेत, तो वाद इथे उकरत नाही.) गोष्ट समजून घ्या: त्या काळी अरबस्तानात गहू बाहेरून यायचा, महाग होता, म्हणून अर्धा पुरेसा ठरला. आज आपल्या बाजारात गहू, जव, खजूर, मनुका या चौघांत सगळ्यांत स्वस्त गहूच, आणि त्याचाही अर्धाच साअ. म्हणजे दोन्हीकडून कमी.

हिशेब मांडू. दर ज्याचे त्याने त्या दिवशी रविवार पेठेत विचारावेत, मी नुसते समजुतीसाठी धरतो. पूर्ण साअ ३ किलो २६६ ग्रॅम. जव ५० रुपये किलो तर १६३ रुपये. खजूर २०० रुपये किलो तर ६५३. मनुका ३०० रुपये किलो तर ९८० रुपये. तुमच्या चार माणसांच्या घराचा गव्हाने फितरा होतो २४० रुपये, मनुक्याने ३,९२०. दोन्ही फितरेच. शरियतने निवड आपल्या हाती सोडली आहे आणि आपण सगळे, झाडून सगळे, एकाच टोकाला उभे राहिलोय. बेदाणा काही परका नाही आपल्याला. अथणीपासून विजापूर, तासगावपर्यंत सगळा पट्टा द्राक्षाचा. ईदच्या शिरखुर्म्यात मनुके मूठमूठ पडतात, फितऱ्यात मात्र कुणाला आठवत नाहीत. मी असे लोक बघतो जे घरात पोळीला खपली दळून आणतात, पण फितऱ्याचा दर विचारताना बाजारातल्या सगळ्यांत हलक्या गव्हाचा विचारतात. निदान ज्या गव्हाची पोळी खाता त्याचा तरी दर धरा.

ज्याला गव्हाचाच परवडतो त्याने गव्हाचाच द्यावा, कमीपणा मानू नये. पण दुकान चांगलं चालतंय, दोन गाड्या दारात आहेत, अशांना मी सरळ सांगतो की तुमचा दर खजुराचा. गेली काही वर्षं आमच्या फळ्यावर चारही दर लिहायला लावलेत. एकदम सगळे बदलले नाहीत, पण काही घरं जवावर आली, दोन-चार घरं खजुरावर. फळ्यावर एकच आकडा असला तर माणूस तोच देणार, त्याचा दोष काय?

कुणावर वाजिब आहे? हनफी मतात ईदच्या दिवशी पहाट होताना ज्याच्याकडे गरजेबाहेरचं काही निसाबाएवढं (ठरलेल्या किमान मालमत्तेएवढं) आहे त्याच्यावर. निसाब साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, किंवा तिची किंमत. जकातीसारखी (मालमत्तेतून दरवर्षी द्यायचं दान) वर्ष उलटण्याची अट नाही, आणि माल वाढणारा असावा हीही अट नाही. पडून असलेला जादा प्लॉट, वापरात नसलेलं सामान, सगळं मोजतात. समजा चांदी १०० रुपये ग्रॅम, तर निसाब ६१,२३६ रुपये. चांदीचा भाव हल्ली चढउतार करतो, म्हणून शहापूरच्या सराफ गल्लीत त्याच आठवड्यात विचारा. देणं असेल तर ते आधी वजा करा. आपल्याकडे बायकांच्या नावावर महिला बचत संघाचे, फायनान्सचे हप्ते असतात, ते विसरू नका. रोजे आजारपणामुळे झाले नाहीत तरी फितरा सुटत नाही.

तुमच्या बायकोकडे थोडं सोनं आणि थोडी रोकड मिळून निसाब भरत असेल तर हनफी मतात तिचा फितरा तिच्यावर, नवऱ्यावर नाही. तुम्ही तिच्या वतीने दिलात तर होतो, घरात तशी रीतच असते, पण तिला सांगून द्या. (शाफईंकडे बायकोचाही नवऱ्यानेच द्यायचा.) लहान मुलांचा तुमच्यावर. येणाऱ्या बाळाचं असं: ईदच्या पहाटेच्या आत जन्मलं तर त्याचा फितरा आहे, पहाटेनंतर जन्मलं तर नाही. शाफई मतात रेषा आदल्या संध्याकाळच्या सूर्यास्ताची. दवाखान्याच्या धावपळीत हे कुणी मोजत बसत नाही. देऊन टाका, नफल (ऐच्छिक पुण्यकर्म) म्हणून जमा होईल.

आता कुणाला द्यायचा. आई-वडिलांना नाही. आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको, यांनाही नाही. कारण त्यांना पोसणं हे तुमच्या डोक्यावर आधीच आहे; फितरा त्यांना देणं म्हणजे या खिशातून काढून त्या खिशात घालणं. गावाकडच्या आई-वडिलांना ईदला तुम्ही जे पाठवाल ते तुमच्या कमाईतून, फितऱ्याच्या हिशेबात न धरता.

निपाणीच्या बहिणीचं मात्र नाव आधी घ्या. ती निसाबाची मालक नसेल तर तुमचा, तुमच्या बायकोचा, मुलांचा, सगळा फितरा तिला द्या. गरिबाला दिलं तर सदका (दान), आणि नातलग गरिबाला दिलं तर सदकाही आणि नातं जोडणंही, अशी हदीस आहे. विडीचं काम हजार विड्यांमागे मजुरीचं. दिवसभर मान खाली घालून पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, आणि मुकादमाने खराब म्हणून बाजूला काढल्या तेवढ्या मजुरीतून गेल्या. रमजानात रोज्यासह तेच. तिच्यासारख्या बायका मशिदीच्या दारात रांगेला येत नाहीत. आणि एक सांगतो, तिला देताना 'हा फितरा आहे' असं म्हणायची गरज नाही. नियत तुमच्या मनात हवी. 'पोरांच्या कपड्यांना' म्हणा, 'ईदी' म्हणा, हातावर ठेवा. फितरा म्हटलं की काही बहिणी हात मागे घेतात, आणि त्यांचं बरोबर आहे. फक्त तुम्ही दिलंत ते पुढे कधी भांडणात काढायचं नाही.

काका, मामा, मावशी, आत्या, चुलतभाऊ, सासू-सासरे, जावई, सून, गरीब असतील तर सगळ्यांना चालतो. सय्यद घराण्याला जकात-फितरा नाही, त्यांना वेगळ्या पैशांतून मदत करा, आणि ती जरूर करा. दर्ग्याच्या आसपास अशी पडत्या काळातली घरं आहेत, वर्षभर कुणी विचारत नाही.

एकाचा फितरा फोडून दहा-दहा रुपयांची नाणी करून ईदगाहच्या वाटेवर बसलेल्यांना वाटत जायची आपल्याकडे सवय आहे. माझ्या मते ही सगळ्यांत वाया जाणारी रीत. निदान एक पूर्ण फितरा एका हातात जाऊ द्या. चार जणांचे फितरे एका घरात दिले तर उत्तम. २४० रुपयांत एका घरचं दूध-शेवया येतात. नाण्यांत काहीच येत नाही. रस्त्यावरच्यांना सुटे द्यायचे तर वेगळे द्या.

घरकाम करणाऱ्या मावशींचं. इमाम अबू हनीफा आणि इमाम मुहम्मद यांच्या मते फितरा आपल्यात राहणाऱ्या बिगरमुस्लिम गरिबाला देता येतो. इमाम अबू यूसुफ आणि दुसरे इमाम नाही म्हणतात. आजचे बरेच मुफ्ती सावधगिरी म्हणून फितरा मुसलमान गरिबालाच द्यायला सांगतात. मी म्हणतो त्या मावशींना या वादात ओढूच नका. नफल सदका, ईदी, भेट यांवर कुठलीच अट नाही. त्यांना एक पगार जादा द्या, साडी द्या, शिरखुर्म्याचा डबा तर जाणारच. आणि कामाला असलेल्या कुणालाही, मुसलमान असो वा नसो, फितरा देऊन तो पगारात किंवा बोनसमध्ये धरू नका. मजुरी म्हणून दिलेला फितरा फितरा होत नाही. काही मालक हे सर्रास करतात, आणि वर पुण्य मिळालं म्हणून खूष असतात.

मदरशाबद्दल. तिथे राहणाऱ्या गरीब, यतीम (अनाथ) मुलांच्या जेवणाखाण्यासाठी चालतो, तो पैसा त्यांच्या मालकीचा झाला पाहिजे. इमारत, पंखे, मशिदीचा रंग, कब्रस्तानची भिंत, पेशइमामांचा पगार यांत फितरा जात नाही, कारण तो कुणा गरिबाच्या हातात पडत नाही. पेशइमाम स्वतः गरीब असतील तर गरीब म्हणून त्यांना देता येईल, पगार म्हणून नाही. दारात आलेल्या माणसाचं ओळखीच्या आलिमांना विचारून घ्या, पावतीपुस्तकावरच्या नंबरवर फोन लावा. खोटाच असेल असं नाही, पुष्कळ जण इमानदार असतात, उपाशी रोज्याने गल्ल्या फिरतात. पण फितरा हा मुळात आपल्या गावच्या ईदसाठी आहे. दूरच्या मदरशात चंद्ररातीला (ईदच्या आदल्या रात्री) निघालेला पैसा ईदनंतर पोचतो. त्यांना जकात द्या, इमदाद (मदत) द्या; फितरा इथे लावा.

यावरून वेळेकडे येतो. इब्न अब्बास (रजि.) यांच्या हदीसमध्ये फितऱ्याची दोन कारणं आहेत: रोजेदाराकडून घडलेल्या वायफळ-वावग्या बोलण्याची सफाई, आणि गरिबाच्या तोंडी घास. नमाजच्या आधी दिला तर तो कबूल होणारा फितरा, नंतर दिला तर नुसता सदका. दुसरं कारण नीट वाचलं तर वेळ आपोआप ठरते. इब्न उमर ईदच्या एक-दोन दिवस आधी देत. ते मदीना होतं, धान्य दिलं की दळून त्याच रात्री भाकरी. आपल्याकडे पैसे मिळाल्यावर बाजार करावा लागतो. वडगाव-खासबागचा मागावरचा कामगार, खानापूरकडच्या कौलभट्टीवरचा, वीटभट्टीवरचा मजूर, यांच्या बायका पोरांचे कपडे पंचविसाव्या रोज्याच्या आधी-मागे घेतात. सत्ताविसावीनंतर खडे बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि भाव वर जातात. चंद्ररातीला रात्री अकराला हातात पडलेला फितरा फार तर दुधाला उपयोगी. म्हणून माझा आग्रह वीस ते पंचवीस रोज्यांच्या मधल्या दिवसांचा. हनफी आणि शाफई दोघांकडेही रमजान लागल्यावर आधी दिलेला चालतो. अगदी पहिल्या आठवड्यात मात्र देऊ नका. तो घरभाड्यात जातो, ईदला राहत नाही.

जमातीकडे देणार असाल तर हे विचारा: तुमची पेटी कधी उघडता आणि कधी वाटता? हनफी मसल्याप्रमाणे कमिटी तुमची वकील, म्हणजे तुमच्या वतीने देणारी. तिने गरिबाच्या हातात ठेवेपर्यंत तुमच्या डोक्यावरून फितरा उतरत नाही. एका गावी मी फितऱ्याची रक्कम ईदनंतर दोन महिने बँकेत बघितली आहे, 'गरजू आला की देऊ' म्हणून. नियत वाईट नव्हती. पण ज्यांच्यासाठी ते पैसे होते त्यांची ईद तशीच गेली. आता क्यूआर कोडचा जमाना. लोक मशिदीच्याच खात्यात फितरा टाकतात आणि तो लाइटबिलाच्या पैशांत मिसळतो. जमातीने फितऱ्याला वेगळं खातं ठेवावं, देणाऱ्याने संदेशात 'फितरा, चार माणसं' असं लिहावं. आणि आमच्याकडे ईदच्या आदल्या दिवशी असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजपर्यंत आलेलंच जमात वाटते. त्यानंतर आलं तर देणाऱ्यालाच गरीब घराचा पत्ता देतो, जा म्हणतो, स्वतः द्या.

धान्य की पैसे, हनफींनी हे गरिबाला विचारून ठरवावं. कर्नाटकात २०१३ पासून अन्नभाग्यचा तांदूळ रेशनकार्डवर मिळतो. ज्या घरी तो पोतंभर पडलाय तिथे आपण आणखी दहा किलो नेऊन टाकतो, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी दुकानदाराला निम्म्या भावाने विकते. तिला शेवया, साखर, तूप, चारोळी, मुलाचा शर्ट हवा असतो. याउलट कार्ड नसलेली घरं असतात. भट्टीवर बाहेरून आलेली, किंवा लग्न होऊन हद्दीपलीकडून आलेली, नाव इकडे चढलेलं नाही आणि तिकडचं कटलंय. सीमाभागात ही घरं हमखास सापडतात. त्यांना धान्य सोन्यासारखं. तुमचे नातलग चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे असतील आणि जास्त गरजू असतील तर तिकडे पाठवायला हनफी मसल्यात हरकत नाही. राज्याच्या हद्दीला फितऱ्यात काही अर्थ नाही.

दुबईच्या भावाचं सोपं आहे. तो जिथे आहे तिथल्या दराने त्याचा फितरा. तिकडे अलीकडच्या वर्षांत माणशी २५ दिरहम जाहीर होतात. तो इथे तुमच्याकरवी द्यायचं म्हणत असेल तर त्याने तुम्हाला तसं सांगितलं पाहिजे, आणि रक्कम वडगावच्या फळ्यावरची ६० नव्हे, त्याच्या तिकडच्या हिशेबाची. त्याची लहान मुलं गावी असतील तरी त्यांचाही त्याच्याच डोक्यावर. आणि तिकडे ईद बहुतेक वेळा आपल्या आधी होते, तेव्हा त्याची ईद धरून आधी द्या.

आजारी आजीचे सुटलेले रोजे असतील आणि पुढे धरायची ताकद येण्याची आशा नसेल तर त्यांचा फिदया (भरपाईचं दान) वेगळा, एका रोज्याला एक फितऱ्याएवढा. तो फितऱ्यात मिसळून एकच आकडा करू नका, दोन्ही कागदावर वेगळे लिहा.

मागच्या कुठल्या वर्षाचा द्यायचा राहून गेला असेल तर हनफी मतात तो ईद गेली म्हणून माफ होत नाही. आज द्या. घरातल्या माणसांची त्या वर्षीची संख्या आठवा, जरा चढा दर धरा, आणि निपाणीला जाल तेव्हा तोही घेऊन जा.